दर शुक्रवारच्या शेकडो ट्रॅकमधून आपले कोणते?

प्रश्न असा आहे: वर्षभरापासून डीजे म्हणून हाऊस आणि टेक्नो (क्लबमधलं नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत) वाजवतो. दर शुक्रवारी ऑनलाइन दुकानांचे चार्ट आणि स्ट्रीमिंगवरच्या नव्या प्लेलिस्ट चाळतो. दोन-तीन तास जातात, शेवटी सगळं सारखंच वाटायला लागतं, आणि घेतलेल्या ट्रॅकपैकी निम्मे कधी वाजतच नाहीत. नवं संगीत शोधायचं कसं? विकत घ्यावं की स्ट्रीमिंगवर भागतं? आणि एआयने बनवलेल्या ट्रॅकचं काय करायचं?

आधी शुक्रवारचा धसका सोडा. हा दिवस डान्स म्युझिकने ठरवलेला नाही. १० जुलै २०१५ पासून रेकॉर्ड कंपन्यांनी जगभर एकच दिवस धरला, कारण त्याआधी ब्रिटनमध्ये सोमवारी, अमेरिकेत मंगळवारी असे अल्बम येत आणि मधल्या वेळात चोरून प्रती फिरत. पॉप गायकाच्या अल्बमसाठी ही तारीख म्हणजे सुरुवात असते. आपल्याकडे मात्र ती ट्रॅकच्या प्रवासातला बराच पुढचा मुक्काम असते. ट्रॅक तयार झाला की लेबल, म्हणजे तो प्रकाशित करणारी कंपनी, तो निवडक डीजेंना प्रोमो म्हणून पाठवतं. ते काही आठवडे, कधी काही महिने तो वाजवतात. त्यांच्या सेटच्या ट्रॅकलिस्टमध्ये तिथे नुसतं 'आयडी', म्हणजे नाव उघड न केलेला ट्रॅक, असं लिहिलेलं दिसतं. मग बऱ्याचदा तो एकाच दुकानात काही दिवस 'एक्सक्लुझिव्ह' राहतो आणि त्यानंतर सगळीकडे पोचतो. म्हणजे तुम्ही शुक्रवारी सकाळी ज्याला नवं म्हणता, ते कुणाच्या तरी पेनड्राइव्हवर तीन महिने जुनं झालेलं असतं.

ही उतरंड आजची नाही. जमैकातल्या साउंड सिस्टिमवाल्यांनी (मोठे स्पीकर लावून संगीत वाजवणाऱ्यांनी) डबप्लेटची पद्धत पाडली आणि पुढे लंडनच्या जंगल, ड्रम अँड बेस आणि डबस्टेप या नाचाच्या संगीतांच्या डीजेंनी ती उचलली. अप्रकाशित ट्रॅक अ‍ॅसिटेटच्या तबकडीवर कोरून घ्यायचा. तिचा थर इतका मऊ की काही डझन वेळा वाजवली की आवाज झिजायला लागायचा. ज्याच्याकडे तबकडी, त्याच्याकडेच तो ट्रॅक. उलट दक्षिण आफ्रिकेत ग्कोम आणि अमापियानो हे तिथले नाचाच्या संगीताचे प्रकार पसरले ते व्हॉट्सअ‍ॅपवरून आणि फाइल शेअरिंगच्या साइटवरून. दुकानात अधिकृत तारीख लागेपर्यंत तो ट्रॅक टॅक्सीत वाजून वाजून लोकांना पाठ झालेला असायचा. दोन्ही ठिकाणी तारखेला किंमत नाही, हे लक्षात घ्या.

तेव्हा ताजेपणाच्या शर्यतीत तुम्ही मागे असणारच, आणि त्याने काही बिघडत नाही. नाचणाऱ्याला ट्रॅकची जन्मतारीख ठाऊक नसते. त्याला कळतं ते एवढंच, की आत्ता जे वाजतंय ते मागच्या ट्रॅकमधून नीट उमललं की नाही.

आता चार्टबद्दल. बीटपोर्ट हे डीजेंचं ऑनलाइन दुकान २००४ साली सुरू झालं आणि त्याचा टॉप १०० अजूनही लोक प्रमाण मानतात. पण हा चार्ट त्या एका दुकानातल्या अलीकडच्या विक्रीचा आहे. डान्स म्युझिकमध्ये ट्रॅक विकत घेणारे मुळात डीजेच. म्हणजे डीजे काय घेतायत ते पाहून डीजे घेतायत, असं हे चक्र आहे. एखादा बासलाइनचा (खालच्या, जड सुरांच्या ओळीचा) साचा किंवा आवाजाचा नमुना चालला की पुढचे काही महिने तोच साचा वेगवेगळ्या नावांनी वर येत राहतो. तुम्हाला सगळं सारखं वाटतं, तो तुमच्या कानाचा दोष नाही. सगळं सारखंच असतं.

त्यात शैलीचे कप्पे आणखी गोंधळ घालतात. ट्रॅकवर 'मेलोडिक', 'डीप' किंवा 'अफ्रो' असा शिक्का मारतं ते लेबल किंवा वितरक, आणि ज्या कप्प्यात गर्दी कमी तिथे वर चढणं सोपं, हे त्यांना चांगलं ठाऊक असतं. म्हणून माझ्या दृष्टीने कप्पा ही जाहिरात आहे. एखादा उत्तम हाऊस ट्रॅक 'मिनिमल'मध्ये सापडतो आणि 'डीप हाऊस'च्या कप्प्यात डीप काहीच नसतं, हे नेहमीचं आहे. एकेका डीजेने स्वतः लावलेले चार्ट त्या मानाने बरे. पण त्यातही पहिले दोन-तीन ट्रॅक त्याच्या स्वतःच्या लेबलचे निघतात, तेवढे वगळून वाचायचे.

मग सुरुवात कुठून? लेबलपासून. इलेक्ट्रॉनिक संगीतात लेबल म्हणजे नुसता छापणारा नसतो, एका माणसाचा किंवा दोन-तीन मित्रांचा कान असतो. हेसल ऑडिओ २००७ मध्ये बेन यूएफओ, पँजिया आणि पिअरसन साउंड या तिघांनी काढलं. ते फार थोडे रेकॉर्ड काढतात, पण जे काढतात ते ऐकण्याची तसदी वाया जात नाही. हायपरडब हे कोड९ या डीजेचं. डबस्टेपमधून निघालेलं हे लेबल पुढे शिकागोच्या फुटवर्क या वेगवान नृत्यसंगीतापर्यंत गेलं, आणि त्या वळणांवरूनच त्यांना काय ऐकू येतंय ते कळतं. लिस्बनचं प्रिन्सिपे तिथल्या वस्त्यांमधल्या, अंगोलाशी नातं सांगणाऱ्या बातिदा या नृत्यसंगीताला धरून बसलं आहे. कंपालाचं न्येगे न्येगे टेप्स पूर्व आफ्रिकेतलं असं काही ऐकवतं की तुमचे हाऊस-टेक्नोचे हिशेब काही काळ बाजूला पडतात. ही नावं सगळ्यांनी ऐकावीत म्हणून देत नाही. तुमच्याकडचे, खरोखर वाजणारे, आवडते ट्रॅक काढा आणि ते कोणत्या लेबलचे आहेत ते बघा. चार-पाच नावं पुन्हा पुन्हा दिसतील. ती तुमची.

त्या लेबलांची मागची यादी उलगडा. रीमिक्स कुणी केलेत, मास्टरिंग (आवाजावरचा शेवटचा हात) कुणाचं आहे, तोच निर्माता दुसऱ्या कुठल्या नावाने काम करतो का, हे पाहत जा. डिस्कॉग्ज ही साइट २००० सालापासून याच कामासाठी आहे. कॅटलॉग क्रमांकानिशी, टोपणनावांनिशी सगळं तिथे नोंदलेलं सापडतं. इलेक्ट्रॉनिक संगीतात एकाच माणसाची चार-चार नावं असतात: एका नावाने टेक्नो, दुसऱ्याने अ‍ॅम्बियंट, तिसरं फक्त व्हाइट लेबलांसाठी, म्हणजे दुसऱ्यांच्या रेकॉर्डचे तुकडे परवानगी न घेता वापरलेल्या, नाव न छापलेल्या तबकड्यांसाठी. ही नाती कळली की शोधायला लागणारा वेळ निम्म्यावर येतो. पण पन्नास लेबलं धरू नका. एक ना धड भाराभर चिंध्या होतात. डझनभर पुरे, आणि वर्षातून एकदा त्यातली तीन-चार बदलायची.

ऐकायचं कसं, यावर मात्र मी जास्त बोलणार आहे, कारण निम्मे ट्रॅक न वाजता पडून राहतात याचं खरं कारण तिथेच आहे.

पहिली गोष्ट: फोनच्या स्पीकरवर डान्स म्युझिक निवडू नका. हाऊस-टेक्नोच्या किकचा, म्हणजे बास ड्रमच्या ठोक्याचा, मूळ सूर साधारण ५० ते ६० हर्ट्झच्या आसपास असतो. फोनचा स्पीकर त्या भागात जवळजवळ मुका. तुम्हाला ऐकू येते ती फक्त किकची वरची टकटक, आणि बासलाइनचा अंदाज मेंदू वरच्या स्वरांवरून बांधतो. म्हणजे ज्या दोन गोष्टींवर ट्रॅक उभा असतो त्याच न ऐकता आपण पैसे देतो. बरे हेडफोन हवेतच. त्यावर एकच बघायचं: किक आणि बास एकमेकांना जागा देतात का? चांगल्या ट्रॅकमध्ये किक पडते तेव्हा बास क्षणभर मागे सरकतो, किंवा तो किकच्या मधल्या जागेतच लिहिलेला असतो. दोघं एकाच वेळी एकाच जागी बसले असतील तर मोठ्या सिस्टिमवर नुसता गडगडाट होतो आणि ताल हरवतो. ही चूक चार्टमधल्या ट्रॅकमध्येही सापडते.

दुसरी गोष्ट म्हणजे आवाजाची पातळी. आपल्या कानाला जे मोठं ते चांगलं वाटतं, यातून कुणीच सुटलेलं नाही. स्पॉटिफाय नेहमीच्या सेटिंगमध्ये सगळं उणे १४ एलयूएफएसच्या (आवाज किती मोठा वाटतो याचं माप) आसपास आणून वाजवतं. क्लबसाठीचे मास्टर (अंतिम फाइल) मात्र उणे ९, उणे ७, कधी त्याहूनही मोठे असतात, आणि दुकानातला नमुना बहुधा तसाच मोठ्याने वाजतो. म्हणून एकच ट्रॅक दुकानात अंगावर धावून येतो आणि स्ट्रीमिंगवर मिळमिळीत वाटतो. दोन ट्रॅकची तुलना करताना आवाज हाताने सारखा करा. पाच सेकंदांचं काम आहे आणि निर्णय किती वेळा उलटतो ते पाहून चकित व्हाल.

तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यात उपयोगी: ट्रॅकचा उत्तरार्ध ऐका. वेव्हफॉर्मवर (ट्रॅकच्या आवाजाच्या चित्रावर) सगळे पहिल्या ड्रॉपवर, म्हणजे किक आणि बास एकदम परत येतात त्या जागी, जाऊन बसतात, आणि निर्मात्यालाही ते माहीत असतं. सगळी कल्पना तिथे खर्च होते आणि पुढचा भाग हुबेहूब चिकटवलेला असतो. साडेतीन मिनिटांच्या पुढे जा. तिथे एखादा नवा हाय-हॅट आला आहे का, बासलाइनने एक स्वर बदलला आहे का, काही काढून घेतलं आहे का? दुसऱ्या ब्रेकडाउननंतर (किक थांबते त्या भागानंतर) ट्रॅकला सांगायला काही उरलं असेल तर तो सेटमध्ये टिकतो. नसेल तर तो ९० सेकंदांचा ट्रॅक आहे आणि उरलेली पाच मिनिटं भरती.

ब्रेकडाउनबद्दल एक तिरकस शेरा मारल्याशिवाय राहवत नाही. दीड-दीड मिनिट किक गायब, वर चढत जाणारा सिंथ, मग स्नेअरची घाई. हे स्टेजवर हात वर करायला ठीक आहे. तासाभराच्या सेटमध्ये असे तीनहून जास्त ट्रॅक आले तर फ्लोअर सतत थांबतो. मी स्वतः घेताना किक सर्वात कमी वेळ थांबवणारा ट्रॅक आधी उचलतो.

आणि शेवटी नव्याचे नऊ दिवस जाऊ द्या. शुक्रवारी कार्टमध्ये टाका, पैसे पुढच्या गुरुवारी द्या. मधल्या काळात तो ट्रॅक तुमच्या डोक्यात आपणहून वाजला का? तुमच्याकडच्या कोणत्या तीन ट्रॅकच्या आधी किंवा नंतर तो जाईल, हे नावानिशी सांगता येतं का? नसेल तर कार्टमधून काढा. सॉफ्टवेअरने दाखवलेली 'की', म्हणजे ट्रॅकची स्वरपट्टी, जुळते म्हणून घेऊ नका. ज्या ट्रॅकमध्ये नुसते ड्रम आणि एखादा घुमणारा आवाज असतो, तिथे ही सॉफ्टवेअरं सर्रास चुकीची स्वरपट्टी दाखवतात. कानाने मिसळून बघा.

प्लेलिस्टवर ऐकलेला ट्रॅक आणि वाजवायचा ट्रॅक बऱ्याचदा एक नसतो, हेही इथेच सांगतो. स्पॉटिफायवर ३० सेकंद ऐकलं की एक प्ले मोजला जातो. म्हणून सुरुवातीचे ड्रम छाटून, सूर पुढे आणून अडीच-तीन मिनिटांची आवृत्ती तिथे टाकतात. डीजेला लागतो एक्सटेंडेड मिक्स. १२८ बीपीएमला (मिनिटाला १२८ ठोके) चार-चार ठोक्यांचे ३२ बार म्हणजे १२८ ठोके, बरोबर एक मिनिट. तेवढी मोकळी सुरुवात आणि तेवढाच मोकळा शेवट असेल तर निवांतपणे मिसळता येतं. ही गरज डिस्कोइतकीच जुनी आहे. साल्सोल रेकॉर्ड्सने १९७६ मध्ये वॉल्टर गिबन्स या डीजेने लांबवलेला मिक्स बारा इंची सिंगल म्हणून विक्रीला आणला, तोही याचसाठी. तेव्हा प्लेलिस्टवरची छोटी आवृत्ती आवडली तर घाईने तीच उतरवू नका. दुकानात त्याच रिलीजमध्ये एक्सटेंडेड, इन्स्ट्रुमेंटल किंवा डब (गाणं बहुतेक काढून टाकलेली आवृत्ती) आहे का ते पाहा. डब कधीच चुकवू नका. गाणं नको असतं तेव्हा बहुतेक वेळा तोच सर्वात जास्त वाजतो.

नव्या रिलीजच्या यादीत बरंच जुनंही येतं. त्यात दोन जाती आहेत. एक, गाजलेल्या ट्रॅकची वीस किंवा तीस वर्षं झाली म्हणून काढलेले रीमिक्स. ते बहुतांशी सोडून द्या. मूळ ट्रॅक जास्त चांगला असतो आणि तो लोकांना माहीतही असतो. दुसरी, खरोखर हरवलेलं संगीत पुन्हा बाजारात येणं. चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलंडच्या टीबी-३०३ आणि टीआर-८०८ या यंत्रांवर रागांचा एक अल्बम केला. त्या वेळी कुणी फारसं लक्ष दिलं नाही. २०१० मध्ये तो पुन्हा निघाला तेव्हा जगभरचे अ‍ॅसिड हाऊसवाले थबकले, कारण १९८२ मध्ये शिकागोत ३०३चा तो आवाज, म्हणजे अ‍ॅसिड हाऊसचा, गाजायला अजून काही वर्षं लागणार होती. अशा पुनर्प्रकाशनाला मी त्या वर्षाचं नवं रिलीजच मानतो. फक्त 'रीमास्टर्ड' या शिक्क्यावर भुलू नका. पुष्कळदा त्याचा अर्थ एवढाच असतो की चढउतार दाबून आवाज वाढवला आहे.

आता विकत घ्यायचं की स्ट्रीमिंग. शोधायला आणि सवयीने ऐकायला स्ट्रीमिंग छान. वाजवायला फाइल घ्या. नेटवर्कवर विसंबून सेट वाजवणं मला पटत नाही. शिवाय वितरक बदलला किंवा लेबल बंद पडलं की ट्रॅक एका रात्रीत यादीतून नाहीसा होतो, हे या क्षेत्रात वारंवार घडतं. पैशाचाही भाग आहे. २०२४ पासून स्पॉटिफायवर वर्षभरात १,००० प्ले न झालेल्या ट्रॅकला रेकॉर्डिंगची रॉयल्टी मिळत नाही, आणि आपल्याला आवडणाऱ्या छोट्या लेबलांचे कितीतरी ट्रॅक या रेषेच्या खाली राहतात. बँडकॅम्प हे कलाकार आणि लेबलं थेट विक्री करतात ते ऑनलाइन दुकान डिजिटल विक्रीतून साधारण १५ टक्के ठेवतं, बाकीचं देणं-घेणं वजा जाऊन उरलेलं कलाकाराला किंवा लेबलला जातं. २० मार्च २०२० पासून त्यांनी ठरावीक शुक्रवारी आपला वाटा सोडायला सुरुवात केली आणि तेव्हापासून खास त्या दिवसासाठी काढलेले ईपी, एडिट आणि संकलनं यांची एक वेगळीच परंपरा तयार झाली आहे. शुक्रवार पाळायचाच असेल तर तो पाळा. तिथे बहुतेक वेळा पूर्ण ट्रॅक ऐकता येतो, म्हणजे वर सांगितलेला उत्तरार्धही.

फाइलचं थोडक्यात: ३२० केबीपीएसची एमपी३ बहुतेक सिस्टिमवर चालून जाते. परवडत असेल तर एआयएफएफ घ्या, कारण वेव्हमध्ये कलाकार, लेबल, कव्हर ही माहिती नीट टिकत नाही आणि फ्लॅक जुन्या सीडीजेवर (क्लबमधल्या डीजे प्लेअरवर) चालत नाही. कुठून तरी मिळालेली फाइल असेल तर स्पेक्ट्रम दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून पाहा. १६ किलोहर्ट्झच्या वर एकदम सपाट कापलेली दिसली, तर १२८ केबीपीएसची फाइल फुगवून ३२० म्हणून दिलेली असण्याचीच शक्यता जास्त.

व्हायनलवर फार बोलत नाही. फक्त एवढं धरून चाला की तबकडी डिजिटलच्या नंतर महिन्यांनीही येऊ शकते. फेब्रुवारी २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या अपोलो मास्टर्सच्या कारखान्याला आग लागली आणि लॅकर, म्हणजे तबकड्यांचा साचा ज्यावरून बनतो ती कोरी तबकडी, बनवणारा जगातला एक मोठा स्रोत गेला. आधीच अरुंद असलेली वाट आणखी अरुंद झाली. याच्या उलट काही लेबलं मुद्दाम आधी तबकडी काढतात आणि डिजिटल उशिरा, किंवा कधीच नाही. अशा लेबलांवर जीव जडला असेल तर टर्नटेबल घ्यावंच लागेल.

राहिलं एआय. एप्रिल २०२५ मध्ये डीझर या स्ट्रीमिंग सेवेने सांगितलं की त्यांच्याकडे रोज येणाऱ्या ट्रॅकपैकी सुमारे १८ टक्के, म्हणजे २० हजारांहून जास्त, पूर्णपणे एआयने बनवलेले आहेत. वाद्यसंगीत, पार्श्वभूमीला लावायचं हाऊस, 'चिल' प्लेलिस्ट इथे त्यांची गर्दी जास्त जाणवते, कारण तिथे कुणी लक्ष देऊन ऐकत नाही. नुसत्या कानाने प्रत्येक वेळी ओळखता येईल या भ्रमात राहू नका. काही खुणा आहेत: हाय-हॅटच्या (झांजेच्या) आणि गायलेल्या ओळींच्या शेपटांवर खरखरीत, पाण्याखालून आल्यासारखा थर, आणि एकमेकांत मिसळून गेलेले आवाज, जे स्टेम (ड्रम, बास, गायन असे सुटे भाग) वेगळे करताना नीट सुटत नाहीत. पण या खुणा दर काही महिन्यांनी पुसट होत जातात. कानावर विसंबण्यापेक्षा कागद बघा. या निर्मात्याचा आधी कुठल्या लेबलवर रेकॉर्ड आहे का, त्याने कुणासाठी रीमिक्स केलाय का, कुणाच्या मिक्समध्ये त्याचं नाव येतं का, की दोन महिन्यांत चाळीस ट्रॅक आणि मागेपुढे कुणीच नाही?

लेबल आणि माणसांमार्फत शोधायची सवय लागली की हा प्रश्न तुमच्यापर्यंत फारसा पोचतच नाही. त्या डझनभर लेबलांच्या बँडकॅम्प पानांवर 'फॉलो' दाबा, चार-पाच डीजेंचे रेडिओ शो धरा आणि आवडलेल्या 'आयडी'ची एक यादी वेगळी ठेवा. त्यातले काही ट्रॅक सहा महिन्यांनी येतील, काही कधीच नाही. आले की ईमेल येईलच. शुक्रवारी चार्ट बघायचाच असेल तर सगळ्यात शेवटी, दहा मिनिटं, आपण घेतलेलं इतर सगळेच वाजवणार आहेत का एवढं तपासायला.